विम एडिटर: अंबडच्या सीएनसी शॉपमधला रिव्ह्यू, रोजच्या अडचणी आणि उपायांसकट

नाशकात विमबद्दल जे काही ऐकायला मिळतं ते बहुतेक सॉफ्टवेअरवाल्या मित्रांकडून, आणि त्यातही अर्धी चर्चा "त्यातून बाहेर कसं पडायचं" एवढ्यावरच संपते. विम म्हणजे साधं टेक्स्ट लिहायचा-बदलायचा, पूर्ण कीबोर्डवर चालणारा एडिटर. मी सॉफ्टवेअरवाला नाही. अंबड एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे, प्रोग्रॅम बघतो, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरमधून निघालेली जी-कोडची (मशीनला द्यायच्या हुकमांची) फाइल मशीनवर जायच्या आधी तपासायची, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी-जास्त करायचा, टूल नंबर बदलायचे, जुना चाललेला प्रोग्रॅम नवीन पार्टसाठी फिरवून घ्यायचा. हे सगळं साधं टेक्स्ट असतं आणि त्यात एक आकडा किंवा एक मायनसचं चिन्ह हललं तर टूल सरळ पार्ट पकडणाऱ्या व्हाइसला जाऊन धडकतं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, होल्डर गेला, कधी स्पिंडलपर्यंत प्रकरण जातं. त्यामुळे मायक्रोमीटर जितका भरवशाचा लागतो तितकाच एडिटरही भरवशाचा लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विम घ्या. फुकट आहे, जुन्या पीसीवर पण पळतो, आणि माउस नसला तरी काही अडत नाही, जे शॉपफ्लोअरवर फार महत्त्वाचं आहे कारण तिथे कूलंट आणि धातूच्या बुरीमुळे माउस टिकतच नाही. अडचणी येतात, पण त्या मोजक्या आणि त्याच त्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी काय चाललंय ते विमने स्क्रीनच्या सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलेलं असतं. नवीन माणूस स्क्रीनच्या मधोमध बघत बसतो आणि घाबरतो, खालची ओळ वाचतच नाही. मी आमच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो की काही अडकलं तर कीबोर्डवरून हात काढ, आधी खालची ओळ वाच, मग हात लाव.

थोडं मागचं, कारण त्याने काही गोष्टी लवकर कळतात. विमचा मूळ बाप म्हणजे व्हीआय, तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला, एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर (स्क्रीन आणि कीबोर्डचा जुना संच), आणि त्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाण एच, जे, के, एल ह्या कीजवरच छापलेले होते आणि एस्केपची की आज जिथे टॅब आहे तिथे होती. म्हणून कर्सर हलवायला ही चार अक्षरं आणि म्हणूनच एस्केप इतक्या वेळा दाबायला लागतं, तेव्हा ते करंगळीखाली होतं, आता लांब कोपऱ्यात गेलंय. (कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस एकत्र दाबला तरी एस्केपच होतं, बोटांना तेच सोपं जातं.) विम स्वतः ब्राम मोलेनार ह्या डच माणसाने लिहिला, १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसाठी सोडला, आणि पैसे मागायच्या ऐवजी युगांडातल्या मुलांना मदत करा असं आवाहन केलं, विम नुसता उघडला की पहिल्याच स्क्रीनवर ते वर्षानुवर्षं दिसत आलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. जानेवारी २०२४ मध्ये आलेलं ९.१ हे व्हर्जन त्यांनाच अर्पण केलेलं आहे. इतक्या चांगल्या वस्तूची किंमत म्हणून एका माणसाने दुसऱ्यांच्या मुलांसाठी मदत मागितली ह्याचा मला खरंच आदर वाटतो.

आता बाहेर पडायचं, एकदाच सांगतो. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर, की न सेव्ह करता बाहेर. कोलन डब्ल्यू क्यू की सेव्ह करून बाहेर. संपलं.

खरी डोकेदुखी, निदान आमच्या धंद्यात, कॅप्स लॉकची आहे, आणि ह्याबद्दल कुठे फारसं कोणी बोलत नाही कारण सॉफ्टवेअरवाले सगळं स्मॉल लेटरमध्ये लिहितात. जी-कोड सगळा कॅपिटल, म्हणून आमच्या प्रत्येक ऑपरेटरचा कॅप्स लॉक कायम चालू. आता विमचे मुख्य दोन मोड, इन्सर्टमध्ये दाबाल ते अक्षर उमटतं आणि नॉर्मलमध्ये प्रत्येक की म्हणजे कमांड. नॉर्मल मोडला स्मॉल जे म्हणजे एक ओळ खाली, पण कॅपिटल जे म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीला जोडून टाक. म्हणजे माणूस खाली जायचं म्हणून जे जे जे दाबतो आणि चार ब्लॉक (प्रोग्रॅमच्या ओळी) एका ओळीत येऊन बसतात, आता रॅपिड (न कापता वेगाने सरकणं) आणि कटिंग मूव्ह एकाच ब्लॉकमध्ये आल्यावर मशीन एकतर अलार्म देणार नाहीतर भलतीकडे जाणार. कॅपिटल डी कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं उडवतो. झेड दोनदा दाबला तर स्मॉलमध्ये स्क्रीन फक्त मधोमध येते, कॅपिटलमध्ये फाइल सेव्ह होऊन बंदच होते, म्हणजे जोडलेल्या ओळींसकट सेव्ह. आणि कोलन कॅपिटल डब्ल्यू टाइप केलं तर खाली लाल अक्षरात येतं की ही एडिटरची कमांडच नाही, मग ऑपरेटर मला हाक मारतो, "सर, सेव्हच होईना."

उपाय दोन आहेत. पहिला साधा, स्मॉलमध्येच टाइप करा आणि शेवटी सगळं कॅपिटल करून घ्या: जी जी दाबून फाइलच्या सुरुवातीला जा, मग स्मॉल जी, कॅपिटल यू, कॅपिटल जी, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं मोठी. एकच ओळ करायची असेल तर स्मॉल जी आणि कॅपिटल यू दोनदा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. विममध्ये लँग्वेज मॅपिंग म्हणून एक सोय आहे, तिने ए ते झेड प्रत्येक स्मॉल अक्षराला त्याचं कॅपिटल जोडून ठेवता येतं, विमआरसी ह्या विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तीन ओळींचं छोटं लूप लिहिलं की झालं. मग इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ६ दाबलं की जे टाइप कराल ते कॅपिटलच येतं, पण एस्केप मारून नॉर्मल मोडमध्ये आलात की कमांड आपल्या स्मॉलच राहतात. खालच्या ओळीत इन्सर्टच्या शेजारी कंसात लँग असं दिसतं, म्हणजे चालू आहे. कीबोर्डचा खरा कॅप्स लॉक आम्ही सिस्टिममधूनच एस्केप करून टाकलाय, त्यामुळे ती की आता कामाची झाली. एवढंच लक्षात ठेवा की हेच कंट्रोल ६ नॉर्मल मोडमध्ये दाबलं तर विम आधी उघडलेल्या दुसऱ्या फाइलवर उडी मारतो, फाइल गायब झाली असं वाटून घाबरू नका, परत दाबा, परत येते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे लाईट. जून महिना आला, पहिला जोराचा पाऊस आला की अंबड काय आणि सातपूर काय, लाईट जाणारच, आणि प्रत्येक पीसीला यूपीएस असतोच असं नाही, असला तर बॅटरी उतरलेली. अशा वेळी विमसारखा एडिटर मला दुसरा माहीत नाही. तुम्ही सेव्ह केलं नसलं तरी २०० अक्षरं टाइप झाली की, किंवा ४ सेकंद हात थांबला की, विम बाजूला एक स्वॅप फाइल लिहीत असतो. लाईट आल्यावर तीच फाइल उघडली की मोठ्ठा मेसेज येतो, वर ई३२५, अटेन्शन वगैरे, आणि इथे लोक घाबरून जे हाताला येईल ते दाबतात, बहुतेक वेळा एडिट एनीवे, म्हणजे वाचलेलं काम तसंच बाजूला पडून राहतं.

क्रम असा ठेवा. आधी मेसेज वाचा. त्यात प्रोसेस नंबरपुढे स्टिल रनिंग असं लिहिलं असेल तर लाईटचा संबंध नाही, तीच फाइल दुसऱ्या खिडकीत आत्ता उघडी आहे, तिथे जाऊन काम करा. तसं नसेल तर आर दाबा, रिकव्हर. फाइल उघडली की लगेच मूळ नावावर सेव्ह करू नका, कोलन डब्ल्यू आणि पुढे वेगळं नाव देऊन सेव्ह करा, दोन्ही फाइली शेजारी ठेवून फरक बघा, बरोबर वाटलं तरच पुढे न्या. मग मूळ फाइल परत उघडायची, तोच मेसेज परत येईल, आता डी दाबून स्वॅप काढून टाकायची. ही शेवटची पायरी कोणी करत नाही म्हणून दर वेळी तोच मेसेज येत राहतो आणि मग पोरं तो वाचायचंच सोडून देतात, जे सगळ्यात वाईट.

इथे विम आणि निओव्हिममधला (विमपासूनच निघालेला नवा एडिटर) एक फरक सांगतो कारण हल्ली सगळे निओव्हिमच घ्या म्हणतात. विम स्वॅप फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवतो जिथे मूळ फाइल आहे. आमचे प्रोग्रॅम एका शेअर्ड फोल्डरमध्ये असतात आणि ऑफिसमधून मी आणि शॉपमधून शिफ्टचा माणूस एकच फाइल उघडू शकतो, तर दुसऱ्याला लगेच इशारा मिळतो. निओव्हिम स्वॅप फाइल त्या त्या माणसाच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे दुसऱ्या पीसीवरच्याला काही कळत नाही. सेटिंग बदलता येतं, पण मुळात शॉपसाठी मला विमच बरा वाटतो.

"सर, स्क्रीन हँग झाली" ही तक्रार आली की मी जागेवरूनच सांगतो, कंट्रोल क्यू दाब. विंडोजच्या सवयीने माणूस कंट्रोल एस मारतो आणि बऱ्याच लिनक्स टर्मिनलमध्ये कंट्रोल एस म्हणजे स्क्रीनला थांब म्हणणं, ही टर्मिनलची जुनी पद्धत आहे, विमची नाही. कंट्रोल क्यूने परत चालू. तसंच अनडू म्हणून कंट्रोल झेड मारला की विम गायब होतो आणि काळा प्रॉम्प्ट येतो, तो बंद नाही झालेला, मागे गेलाय, एफजी टाइप करून एंटर मारा, जिथे होता तिथे परत. खाली रेकॉर्डिंग असं दिसायला लागलं तर चुकून क्यू दाबला गेलाय, एकदा क्यू परत दाबा. खाली जुन्या कमांडची एक छोटी खिडकीच उघडली तर क्यू आणि कोलन उलट क्रमाने पडलेत, कोलन क्यू एंटर. इन्सर्ट मोडमध्ये बाण दाबल्यावर ए, बी, सी, डी उमटत असतील तर तुमच्या उबंटूवर टायनी नावाचा कापलेला विम आहे, पूर्ण विम टाका.

फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपीचं चिन्ह (^) आणि कॅपिटल एम दिसणं हे पण रोजचंच, कॅम विंडोजवर, एडिटिंग लिनक्सवर, त्यामुळे. सगळ्या ओळी विंडोज पद्धतीने संपत असतील तर विम स्वतःच ओळखतो आणि खाली डॉस असं लिहितो, काही दिसत नाही. पण फाइलमध्ये अर्ध्या ओळी एका पद्धतीच्या आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीच्या असल्या, जे कोणीतरी मधे दुसऱ्या एडिटरमधून चार ओळी घातल्या की होतं, तर ते एम दिसायला लागतात. हाताने पुसत बसू नका. कोलन ई, स्पेस, प्लस प्लस, एफएफ बरोबर डॉस, एंटर, म्हणजे फाइल डॉस समजून परत वाच. मग सेट एफएफ (ओळ संपवायची पद्धत) करून तुमच्या मशीनच्या कंट्रोलरला जे चालतं ते ठेवा, आणि सेव्ह.

आता जे मला मनापासून आवडतं ते. ब्लॉक नंबर. कॅममधून नंबर न येणाऱ्या प्रोग्रॅमला एन१०, एन२०, एन३० असे नंबर टाकायचे असतील तर प्रत्येक ओळीच्या आधी एन० टाका (कंट्रोल व्ही ने उभा कॉलम सिलेक्ट करून एका दमात होतं), मग सगळ्या ओळी सिलेक्ट करा, १० टाइप करा, जी दाबा आणि कंट्रोल ए. सगळे नंबर दहा-दहाने चढत जातात, डोळ्यांदेखत. हे व्हर्जन ८ पासून आहे, म्हणजे २०१६ पासून, तरी वर्षानुवर्षं विम वापरणाऱ्यांना पण माहीत नसतं.

पण ह्याच कंट्रोल ए मध्ये एक खड्डा आहे आणि तो आमच्यासाठी खोल आहे. प्रोग्रॅम नंबर ओ०००७ वर कर्सर ठेवून कंट्रोल ए मारला तर काही पीसीवर ओ०००८ होतो आणि काहींवर ओ००१०. शून्याने सुरू होणारा आकडा जुन्या पद्धतीने ऑक्टल, म्हणजे आठच्या पटीत मोजलेला, समजला जातो आणि ऑक्टलमध्ये ७ नंतर १० येतात. नवीन विम ही सवय स्वतःच बंद ठेवतो, पण फक्त तोपर्यंत, जोपर्यंत तुमची स्वतःची विमआरसी फाइल नाही. स्वतःची फाइल बनवली, अगदी रिकामी जरी बनवली, की ते तयार डिफॉल्ट सगळे वाचायचंच विम सोडून देतो आणि ऑक्टल परत येतं, सिंटॅक्सचे रंग जातात ते पण ह्याचमुळे. म्हणून विमआरसीच्या पहिल्या ओळीत डिफॉल्ट्सची फाइल सोर्स करून (म्हणजे वाचायला लावून) घ्या, नाहीतर निदान एनआरफॉरमॅट्स ह्या सेटिंगमधून ऑक्टल वजा करा. हे विमवाल्यांनी असं का ठेवलं मला पटत नाही, माणूस रंग बदलायला फाइल बनवतो आणि आकडे मोजायची पद्धत बदलते हे चूक आहे, ह्याचे मी मार्क कापतो.

फीड बदलताना सगळीकडे बदल करणारी कमांड मारायचीच असेल तर शेवटी जी सोबत सी पण लावा, म्हणजे प्रत्येक जागी विचारेल, हो की नाही. एफ१२० चं एफ९० करताना एफ१२०० पण त्यातच सापडतो आणि एफ९०० होऊन बसतो, विचारलं नाही तर कळणार पण नाही.

आणि मशीनवर पाठवायच्या आधी डिफ, म्हणजे दोन फाइलींमधला फरक. विम मायनस डी, जुन्या चाललेल्या प्रोग्रॅमचं नाव, नवीन प्रोग्रॅमचं नाव. दोन्ही शेजारी शेजारी उघडतात, जे बदललं तेवढंच रंगात, बाकी हजारो ओळी घडी घालून बाजूला. चौकोनी कंस बंद करणारा आणि सी दाबला की पुढच्या बदलावर. डी ओ ने समोरच्या फाइलमधलं इकडे ओढा, डी पी ने इकडचं तिकडे ढकला. मी जर विमचं एकच फीचर ठेवा म्हटलं तर हे ठेवीन. चार ठिकाणी बदल करायचा होता आणि रंगात पाच ठिकाणं दिसली, की पाचवं कुठून आलं ते शोधल्याशिवाय फाइल पेन ड्राइव्हवर जात नाही, आमच्याकडे हा नियमच आहे.

अनडू तर आहेच, स्मॉल यू मागे, कंट्रोल आर पुढे, पण कोलन अर्लिअर १०एम टाइप केलं की फाइल १० मिनिटांपूर्वी जशी होती तशी, आणि अर्लिअर १एफ म्हणजे मागच्या सेव्हच्या वेळी होती तशी. अनडूफाइल हा ऑप्शन चालू ठेवला तर पीसी बंद करून दुसऱ्या दिवशी आलात तरी कालचं अनडू शिल्लक असतं. हे सगळ्यांनी चालू ठेवावं.

कॉपी-पेस्टमध्ये मात्र वैताग आहे. ब्राउझरमधून कॉपी केलेलं विममध्ये टाकायचं तर डबल कोट, प्लस, पी, आणि ते चाललं नाही तर तुमचा विम क्लिपबोर्ड न घालता बनवलेला असतो, उबंटूवर जीटीके३ वालं पॅकेज टाकलं की चालतं. जुन्या व्हर्जनमध्ये टर्मिनलमधून पेस्ट केलं की प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा थोडी उजवीकडे सरकत जाते, तेव्हा पेस्ट करायच्या आधी सेट पेस्ट, नंतर सेट नोपेस्ट.

आता मराठी, कारण ऑपरेटरसाठी सेटअप शीट मी मराठीतच लिहितो, कुठला जॉ, किती स्टिकआउट, झिरो कुठे घ्यायचा, हे त्यांना त्यांच्या भाषेत मिळालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सिस्टिमचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट ह्या मराठी लेआउटवर ठेवून विम उघडला की नॉर्मल मोड बंदच पडतो, कारण एच, जे, के, एल दाबल्यावर विमला प, र, क, त पोचतात आणि त्याला त्यातलं काही कळत नाही. दर वेळी एस्केप मारल्यावर कीबोर्ड इंग्लिश करा आणि लिहिताना परत मराठी करा, ह्याने माणूस दमतो. उपाय तोच, वरचा कंट्रोल ६ वाला. सिस्टिमचा कीबोर्ड इंग्लिशच राहू द्या आणि विमची स्वतःची कीमॅप फाइल बनवा, डावीकडे इंग्लिश की, उजवीकडे मराठी अक्षर, ओळीला एक जोडी, वर लोडकीमॅप. मी इनस्क्रिप्टचाच पूर्ण लेआउट तसा उतरवून घेतला. इन्सर्टमध्ये कंट्रोल ६, मराठी चालू, एस्केप मारला की कमांड इंग्लिश. आणि भारी गोष्ट म्हणजे एफ दाबून ओळीतलं अक्षर शोधताना पण तो मराठीच धरतो. जी-कोडच्या फाइलला कॅपिटलवालं मॅपिंग आणि सेटअप शीटला मराठी कीमॅप असं फाइलच्या एक्स्टेन्शनप्रमाणे लावून ठेवलंय.

एक्सने अक्षर खोडलं की त्याची मात्रा पण सोबत जाते. नुसती वेलांटी बदलायची असेल तर डेलकंबाइन हा ऑप्शन चालू करा, मग आधी मात्रा जाते, मग अक्षर.

पण दिसायला मराठी टर्मिनलमध्ये चांगली दिसत नाही, हे स्पष्ट सांगायला पाहिजे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचा चौकोन देतं आणि आपली जोडाक्षरं, रफार, वेलांट्या त्या चौकोनात बसत नाहीत, बऱ्याच टर्मिनलमध्ये तुटक दिसतात, कर्सर भलत्या अक्षरावर असल्यासारखा वाटतो. फाइलमध्ये मजकूर बरोबरच असतो, ब्राउझरमध्ये उघडून बघितलं की कळतं, प्रिंट पण मी तिथूनच काढतो. पानंच्या पानं मराठी लिहायची असतील तर विम वापरू नका, दुसरं काही बघा. दोन पानांची सेटअप शीट असेल तर चालतं.

स्टार्स म्हणाल तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ऑक्टलसाठी कापलाय, मराठी दिसण्यासाठी नाही कारण तो प्रश्न टर्मिनलचा जास्त आहे. सातपूर आयटीआयमधून नुकतीच लागलेली पोरं असतील तर त्यांना विमट्यूटर चालवायला द्या, विमसोबतच येतो, साधारण अर्ध्या तासाचा आहे, खऱ्या प्रोग्रॅमवर हात लावायच्या आधी तेवढा पूर्ण करून घ्या. आणि ज्यांना महिन्यातून एकदाच एखादा फीड बदलायचा असतो त्यांनी मशीनच्या पॅनेलवरच बदलावा, त्यांच्यासाठी हे शिकायची गरज नाही.